हवेंतील धूळ आणि क्ष-किरणांची साक्ष

पाटीवरच्या पेन्सिलीनें मुळाक्षरें गिरविलेलीं माणसें आजहि घरोघर आढळतील. परंतु ती पेन्सिल दगडांतून कापतांना उडणारी धूळ किती घातक असते, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. मध्य प्रदेशांतील मंदसोर येथें हें काम करणाऱ्या पुष्कळ मजुरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडल्याचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें.

अशी धूळ पंपानें हवा ओढून गाळणपत्रावर धरतां येते. ती कशाची बनली आहे, हें सांगण्यास क्ष-किरण साक्षीला येतात. मात्र त्यांच्या रीति निरनिराळ्या आहेत.

पहिली रीत प्रतिदीप्तीची. धुळीवर क्ष-किरण सोडले कीं तींतील प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे असे ठराविक क्ष-किरण बाहेर टाकतें. या किरणांचा नियम १९१३ सालीं मोस्ले यांनीं प्रयोगानें सिद्ध केला. त्यावरून लोखंड, शिसें, गंधक यांचें प्रमाण कळतें आणि नमुनाहि शाबूत राहतो. परंतु कार्बनसारख्या हलक्या मूलद्रव्यांपुढें ही रीत दुबळी पडते. त्यामुळें धुरांतील काजळी तिच्या नजरेंतून निसटते.

दुसऱ्या रीतींत धुळीवर क्ष-किरणांऐवजीं वेगवान प्रोटॉनांचा मारा करतात. १९७० सालीं स्वीडनमधील लुंड येथें ती पुढें आली. अत्यल्प धुळींतील मूलद्रव्येंहि ती ओळखते. पण तिला त्वरकयंत्र लागतें आणि तें सर्वत्र कोठून असणार?

तिसरी रीत विवर्तनाची. लाउए यांनीं १९१२ सालीं तिचा पाया घातला व ब्रॅग पितापुत्रांनीं ती पुढें नेली. ही रीत मूलद्रव्य विचारीत नाहीं. स्फटिकांतील अणूंची मांडणी विचारते. म्हणूनच जेथें सुसूत्र मांडणी नाहीं, तेथें तिला स्पष्ट उत्तर मिळत नाहीं.

मजुराच्या दृष्टीनें हाच भेद जीवनमरणाचा ठरतो. सिलिकॉन साध्या मातींतहि असतें आणि गारेच्या दगडांतहि. पहिल्या दोन रीति ‘सिलिकॉन आहे’ एवढेंच सांगून थांबतात. फुप्फुसांना जाळणारें स्फटिकरूप क्वार्ट्झ त्यांत किती, हें विवर्तनच सांगतें. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें श्वासावाटे शिरणाऱ्या या स्फटिकरूप सिलिकेची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली.

तेव्हां कोणती रीत श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. शहराच्या हवेंत शिसें किती, हें प्रतिदीप्तीला विचारावें. खाणींतील धूळ प्राणघातक आहे काय, हें विवर्तनाला. साक्षीदार तिघेहि खरेच बोलतात. प्रश्न मात्र योग्य साक्षीदाराला विचारला पाहिजे.