डबा वर, शर्ट खाली

रोज घातलेले कपडे आणि त्यामागची मुंबई रील्समधून दाखवणारी पोरं आता लोकलच्या प्रत्येक डब्यात सापडतील. त्यांतला डोंबिवलीचा एक धरा. वय चोवीस, नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात.

सकाळी ६.००
लिननचा शर्ट ओलसर असतानाच, आतून इस्त्री करायचा. मग घडी न घालता टॉवेलात सैल गुंडाळायचा, कॉलर बाहेरच्या बाजूला. बॅगेत तो सगळ्यात खाली जातो. “अरे, मग डबा कुठे ठेवू?” आई विचारते. “वरच ठेव गं, उभा.” भाजीच्या तेलाइतका या धंद्यात दुसरा वैरी नाही. म्हणून आई रस्सा देत नाही. मुलाच्या फॅशनपायी तिने स्वतःच्या स्वयंपाकात केलेला हा बदल कुठल्याच रीलमध्ये येत नाही.

७.१०
सीएसएमटी फास्ट. अंगात जुना टी-शर्ट, पायात रबरी चप्पल. पांढरे बूट पिशवीत, पिशवी रॅकवर. डोंबिवलीला फास्ट गाडीत पांढरे बूट घालून चढणारा एकतर नवखा असतो, नाहीतर श्रीमंत. ‘सिटी लाइफ’ म्हणून पडद्यावर समुद्र दिसतो, इराण्याचा चहा दिसतो. शहरातला हा पहिला सव्वा तास मात्र गाळलेला असतो, आणि खरं तर याच तासाने त्याचं अख्खं कपाट ठरवलेलं असतं. गडद रंग जास्त, लोंबणाऱ्या पट्ट्या नाहीत, खिशाला चेन.

८.४५
शिपायाने ऑफिस उघडलेलं असतं. बाथरूममध्ये कपडे बदलून हा खाली येतो. शेजारच्या गल्लीत नोकरी करणारा मित्र मोबाइल धरतो. काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगसमोर सुट्टीच्या सकाळी फोटोवाल्यांची रांग असते. हा तिकडे फिरकत नाही, इथेच शूट करतो, आणि ते मला पटतं. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच बॅलार्ड इस्टेटही आखली. गोदीसाठी खणलेली माती भरून तयार केलेल्या जमिनीवर एका उंचीच्या दगडी इमारती, रुंद पदपथ, झाडं. सकाळचा उजेड इथे पानांतून गाळून येतो, तोंडावर काळी सावली पडत नाही. चालत ये, बाही दुमड, बुटांवर ये, पुन्हा एकदा. ट्रायपॉड नाही, कारण ट्रायपॉड दिसला की वॉचमन उठतो. हातातल्या मोबाइलकडे तो बघतही नाही.

१०.००
कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर आयात मालाची बिल ऑफ एन्ट्री भरायची. इथे तोच माणूस कपड्यांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. होजियरीचा टी-शर्ट म्हणजे टॅरिफ कोड ६१०९. मागावरच्या कापडाचा पुरुषांचा शर्ट ६२०५, पँट ६२०३. आणि वापरलेले कपडे ६३०९. ते परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. इन्स्टावर कुणी ‘विदेशी थ्रिफ्ट’ म्हणून जॅकेट मिरवलं, की याच्या डोक्यात आधी ६३०९ येतो. यावर त्याने रील करावं, असं मला फार वाटतं. तो म्हणतो, चालणार नाही. चालेल, माझं ऐक.

दुपारी १.३०
डबा, आणि डीएम. एका छोट्या ब्रँडला दोन रील हवीत, बदल्यात दोन शर्ट. याला बार्टर म्हणतात. पैसे नाहीत म्हणून जाहिरात नाही, असं पोरांना वाटतं. पण जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलची पोस्टसुद्धा जाहिरात म्हणून सांगावी लागते. १ जुलै २०२२पासून तर अशा भेटी एका देणाऱ्याकडून वर्षाला २०,००० रुपयांवर गेल्या, की १० टक्के टीडीएसही लागतो. दोन शर्टांत तेवढी मजल कुठली! तो होकार देतो, एका अटीवर: शर्ट आधी गाडीतून नेऊन बघणार, मग बोलणार. ब्रँडचं उत्तर येत नाही.

संध्याकाळी ६.३०
आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट. एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगात लेबल अर्धं कापलेला शर्ट सापडतो. तो आधी शिवण उलटून बघतो, मग बटणं, मग भाव विचारतो. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात, आणि एकदा तरी पाठ फिरवून निघायचं. खांदा बसतो ना, एवढंच बघायचं. कंबर नि लांबी अल्टरवाल्याकडे जमते, खांदा नाही.

८.००
परतीची गाडी. चौथ्या सीटवर अर्धा टेकून एडिटिंग. गाणं लावलं, कापलं, वर दोन ओळी मराठीत लिहिल्या. ठाणं गेल्यावर पोस्ट.

१०.१५
कमेंट्स. ‘कुठून घेतला?’, ‘कितीला?’, ‘उंची किती तुझी?’ शर्ट गुंडाळायची पद्धत दाखवलेलं जुनं रील लोक अजून सेव्ह करतात. मेहनतीने जुळवलेल्या रंगसंगतीला तेवढं नशीब नाही.

दारात खालच्या मजल्यावरचा मित्र. बिल्डिंगमधल्या तिघांचं कपाट जवळजवळ एकच आहे. एकच चेक्सचा शर्ट तिघांच्या खात्यांवर झळकलाय आणि अजून कुणी पकडलेलं नाही.

“उद्या इंटरव्ह्यू आहे रे. लिननचा दे ना.”

“धुवायला टाकलाय. निळा ने.”

“आणि बूट?”

“तुझं माप नऊ, भावा. माझे फाडशील.”