एका शब्दाचा समेट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अकरा वर्षे मी सोलापुरातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सारे माझ्या नजरेखालून जायचे. कविता रात्री, घरी. २०१२ सालच्या एका सोमवारी मालक म्हणाले, "भाई, उद्यापासून येऊ नका. गिऱ्हाईक आता मजकूर तपासूनच पेनड्राइव्हवर आणून देतं. तुम्हाला काम उरलं नाही." हातात कागद दिला नाही. हजेरीपटावरच्या माझ्या नावावर तांबडी रेघ मात्र ओढली गेली.

घरी आई म्हणाली, "बेटा, सुलह कर ले. कोर्ट-कचेरी में उमर जाती है." मित्र म्हणाले, "सोडू नकोस, खेच कोर्टात." या दोन वाटांच्या मध्ये तिसरीही वाट असते, हे मला, बी.ए. झालेल्या माणसाला, ठाऊक नव्हते. गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या शेजारच्या मामांनी ते सांगितले. "आधी लेबर ऑफिसात जा. तिथं समेट अधिकारी असतात."

समेट अधिकारी म्हणजे न्यायाधीश नव्हे. मालकाला नोटीस पाठवणे, दोघांना समोरासमोर बसवणे, हजेरीपट आणि पगारपत्रक मागवणे, हे त्यांच्या हातात असते. कोण खरा, कोण खोटा हा निकाल ते देत नाहीत. दोघांच्या सह्या झाल्या तर समेट झाला. नाही झाल्या तर तसा अहवाल जातो आणि पुढची दारे उघडी राहतात. कोर्ट फी लागत नाही. साध्या कागदावरचा अर्ज चालतो.

माझा अर्ज मात्र साधा नव्हता. दोन पाने भरून मी माझा अपमान लिहिला होता. अधिकारी बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" मी म्हणालो, "त्यांनी माफी मागावी." बाई म्हणाल्या, "ती मला मिळवून देता येणार नाही. नोकरी परत हवी, की हिशेब हवा, ते ठरवून या. आणि कागद आणा." समेटाला जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न घरूनच सोडवून निघावे.

कागद म्हणजे काय? नेमणुकीचे पत्र माझ्याकडे नव्हते. पण भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या होत्या, बँकेचे पासबुक होते आणि माझ्या सही-तारखेची काही जुनी प्रुफे होती. अकरा वर्षांची साक्ष तेवढ्यात मिळाली.

पहिल्या तारखेला मालकाकडून कोणी आलेच नाही. दुसऱ्या तारखेला व्यवस्थापक वकिलांना घेऊन आले. समेटाच्या कामकाजात वकील उभा करता येत नाही, त्यामुळे वकीलसाहेब बाहेरच्या बाकावर बसले. कामगाराला आपल्या युनियनचा माणूस सोबत नेता येतो. मला युनियन नव्हती. मी एकटाच गेलो. बाईंनी आम्हाला वेगवेगळे बसवून ऐकले, मग एकत्र. नोकरी परत मागून त्या खोलीत पुन्हा बसण्याची हिंमत माझ्यात उरली नव्हती. मी हिशेब मागितला.

तिसऱ्या तारखेला व्यवस्थापकांनी मसुदा पुढे केला. त्यात लिहिले होते, 'अर्जदाराने स्वेच्छेने नोकरी सोडली असून त्याचे कोणतेही येणे बाकी नाही.' मी खिशातले तांबडे पेन काढले. व्यवस्थापक वैतागले, "एका शब्दानं काय फरक पडतो?" मी म्हणालो, "अकरा वर्षं मी त्या फरकाचाच पगार घेतला."

फरक असा होता. स्वेच्छेने सोडली असे लिहिले असते तर एक महिन्याचा नोटीस पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांची कपातीची भरपाई, दोन्हींवर पाणी सोडावे लागले असते. शिवाय धनादेश हातात येण्याआधीच येणे संपल्याची सही झाली असती. शेवटी 'काम नसल्यामुळे सेवा समाप्त' असे शब्द आले आणि रकमा तारखांसह लिहिल्या गेल्या. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी स्वतः मांडला. पगार ७,८०० रुपये. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की ४,५००. गुणिले अकरा वर्षे, म्हणजे ४९,५०० रुपये. असा सह्यांचा समेट पाळला नाही, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

पण समेट नेहमीच कामगाराच्या भल्याचा असतो, असे समजू नये. १९३८ साली मुंबई प्रांतात औद्योगिक विवादाचा कायदा आला. त्यात समेटाची सक्ती होती आणि संपावर बंधने होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप केला. उठून जाता येत नसेल तर त्या बैठकीला समेट कसे म्हणायचे, हा त्यामागचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. मला उठून कामगार न्यायालयात जाता येत होते. म्हणूनच माझ्या 'नाही'ला किंमत होती.

माझे प्रकरण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली मिटले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. कामावरून काढलेल्या कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केला आणि ४५ दिवसांत काही झाले नाही, तर तो थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. रागात किंवा लाजेत घालवलेला महिना आता अधिक महाग पडतो.

माफी मला मिळाली नाही. धनादेश मात्र वटला. आईला तो दाखवला तेव्हा ती म्हणाली, "देखा, हो गई ना सुलह?" झाली खरी. पण मसुदा तपासून झाली, हे तिला सांगायचे राहून गेले.