इथेरियममधून पैसे काढायला 40 दिवस? या रांगेत न्याय कसा होतो

सप्टेंबर 2025 मध्ये किल्न या स्टेकिंग कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून इथेरियमवरचे आपले सगळे व्हॅलिडेटर एकदम बाहेर काढायला घेतले. आधीच लांब असलेली रांग 24 लाख इथरच्या पुढे गेली. ज्यांचा किल्नशी काडीचाही संबंध नव्हता, पण ज्यांनी तिच्यानंतर अर्ज केला, त्यांनाही आपलेच पैसे मिळायला 40 दिवसांहून जास्त थांबावे लागणार होते. हा अन्याय नाही का?

आधी ही रांग आहेच कशाला, ते पाहू. व्हॅलिडेटर किमान 32 इथर अनामत ठेवून व्यवहारांवर शिक्कामोर्तब करतो. लबाडी केली तर ही अनामत कापली जाते. पण ती हवी तेव्हा झटक्यात काढता आली, तर लबाडी करून शिक्षेआधीच पळता येईल. शिवाय तपासनीसांचा मोठा गट एका रात्रीत बदलला, तर साखळीची खरी प्रत कोणती, हेच ठरवणे अवघड होईल. म्हणून दार मुद्दाम अरुंद ठेवले आहे.

किती अरुंद? मे 2025 च्या पेक्ट्रा सुधारणेपासून दर 6.4 मिनिटांना, म्हणजे एका इपॉकला, जास्तीत जास्त 256 इथर बाहेर पडू शकतात. दिवसाला 57,600. पूर्वी डोकी मोजली जात, आता वजन मोजतात, कारण एक व्हॅलिडेटर आता 2,048 इथरपर्यंत अनामत ठेवू शकतो. तेवढी काढायची तर तो एकटाच आठ इपॉक अडवतो. नंबर लागल्यावरही सुमारे 27 तास थांबावे लागते, ते वेगळेच.

मग छोट्यांना आधी सोडा, किंवा माणशी एक नंबर द्या, असे कुणी म्हणेल. रेशनच्या रांगेत पिशव्या ठेवून नंबर लावणारे आठवा. इथे तर पिशवीमागचा माणूस कोण, हे कधीच दिसत नाही. बडा गुंतवणूकदार आपली रक्कम हजार खात्यांत विभागून हजार ‘छोटे’ सहज उभे करेल.

दुसरा मार्ग लिलावाचा: घाई आहे त्याने जास्त पैसे मोजून पुढे जावे. अर्थशास्त्राला हे पटते, पण सर्वांत जास्त घाई कुणाला असेल? नुकताच हल्ला केलेल्याला! म्हणून ‘आधी येईल तो आधी’ हा साधा नियमच इथे सर्वांत कमी वाईट, असे मला वाटते.

सुधारणेला जागा मात्र आहे. रांग रिकामी असते त्या दिवसांची क्षमता आज वाया जाते. सुरक्षेसाठी महत्त्वाचे काय, तर काही आठवड्यांत एकूण किती अनामत बाहेर गेली. दर 6.4 मिनिटांचा हिशेब तितका मोलाचा नाही. त्यामुळे न वापरलेली क्षमता गर्दीच्या वेळी वापरू द्यावी, असा प्रस्ताव 2025 मध्ये मांडला गेला आहे.

तोवर घाईवाले बाजारात जातात. लिडोसारख्या सेवा अनामतीच्या बदल्यात एसटीइथ नावाचे टोकन देतात. ते विकले की रांग टळते, पण किंमत बाजार ठरवतो. जून 2022 मध्ये, अनामत काढण्याची सोयच नव्हती तेव्हा (ती एप्रिल 2023 मध्ये आली), हे टोकन इथरपेक्षा सुमारे 5 टक्के स्वस्तात विकले जात होते.