पित्त समजून दुर्लक्ष नको

अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळायचे, हा घरोघरीचा उपाय. पण त्वचेवर तपकिरी डाग कायमचेच असतील आणि चोळल्यावर तेच फुगून लाल होत असतील, तर ते साधे पित्त नसून मास्टोसायटोसिस हा दुर्मीळ आजार असू शकतो.

मास्ट पेशी प्रत्येकाच्या शरीरात असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एहर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्वचा, श्वसनमार्ग व आतड्यांत राहून त्या जंतूंशी लढायला मदत करतात. या आजारात त्या गरजेपेक्षा जास्त साठतात. प्रौढांमध्ये बहुधा ‘किट’ जनुकातील बदल त्याला कारण असतो. पेशींतून हिस्टामिन एकदम बाहेर पडले की खाज सुटते, चेहरा लाल होतो, पोटात कळा येतात. कधी रक्तदाब कोसळून शुद्धही हरपते. लहान मुलांत आजार बहुतांशी त्वचेपुरता असतो आणि वाढत्या वयात अनेकदा ओसरतो.

निदानासाठी रक्तातील ट्रिप्टेज तपासतात. प्रौढांना अस्थिमज्जेची तपासणीही लागते. हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने त्यांची घनताही पाहावी लागते.

आजार मुळापासून सहसा जात नाही, पण दिनक्रम सांभाळता येतो. कडक पाण्याची आंघोळ, ऊन, घर्षण, मद्य, मानसिक ताण, अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, मधमाशी वा गांधीलमाशीचा दंश यांनी त्रास उफाळू शकतो. मात्र प्रत्येकाला सगळेच बाधत नाही. म्हणून काय खाल्ले, कोणते औषध घेतले आणि त्रास कधी झाला, हे वहीत लिहावे. धास्तीने एकेक पदार्थ सोडत गेल्यास कुपोषणच वाट्याला येते.

अँटिहिस्टामिन गोळ्या बरे वाटत असतानाही सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. तीव्र झटक्यात त्यांवर विसंबू नये. तेव्हा मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन, रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवणे आणि तातडीने रुग्णालय, हाच क्रम. इंजेक्शन जवळ ठेवून ते कसे द्यायचे, हे घरच्यांनीही डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

आजाराचे नाव, चालू औषधे आणि न चालणारी औषधे लिहिलेले कार्ड कायम खिशात असावे. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेआधी ते भूलतज्ज्ञांना दाखवावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तेव्हा त्याच्या वतीने बोलणारे तेवढेच असते.