दुसरी बॅटरी कशासाठी?

ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटात वाळूच्या १,१०० हून अधिक टेकड्या आहेत. तिथे रात्रभर गाडीतला फ्रिज चालून बॅटरी उतरली आणि सकाळी स्टार्टर नुसता ‘टक्’ करून थांबला, तर धक्का मारायलाही कोणी नसतं.

म्हणून फ्रिज-दिव्यांसाठी वेगळी डीप-सायकल बॅटरी. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं की मधला आयसोलेटर दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मध्येच खाली आणतो, मग आयसोलेटर चार्जिंग अर्ध्यावरच तोडतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच हवा.

फ्यूज मात्र केबलच्या दोन्ही टोकांना, बॅटरीला अगदी खेटून. खडखडाटात केबल पत्र्याला घासून सोलली, तर करंट दोन्हीकडून धावतो आणि आग लागू शकते.