परतीच्या वाटेची नोंद

लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन चालू आहेत. पहिल्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत, एक बाहेर जाणारं आणि एक आतलं. दुसऱ्याला फक्त आतलं. त्याचा पत्ता १०.१०.१०.२. हा पत्ता बाहेर कुणाच्या उपयोगाचा नाही. १० ने सुरू होणारे पत्ते कुणीही आपापल्या चार भिंतींत वापरावेत, असं १९९६ पासून ठरलेलं आहे. मग दुसऱ्या मशीनने मागितलेलं वेबपान त्याच्यापर्यंत पोचणार कसं?

पहिल्या मशीनला मध्यस्थ करून. साधं बसवलेलं लिनक्स सहसा दुसऱ्याचं टपाल पुढे धाडत नाही, म्हणून 'आयपी फॉरवर्ड' या ठिकाणचं शून्य बदलून एक करायचं. मग आयपीटेबल्स किंवा नव्या एनएफटेबल्समध्ये एक नियम लिहायचा: आतलं पॅकेट बाहेरच्या कार्डातून निघताना त्याला 'मास्करेड' कर. दुसऱ्या मशीनला पहिल्याचा आतला पत्ता गेटवे म्हणून द्यायचा. फायरवॉल आडवी येत नसेल, तर एवढ्यावर भागतं.

मास्करेड म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा लिहिणं. ते सोपंच आहे. खरं कसब उत्तर आल्यावर लागतं, कारण येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर आता मध्यस्थाचंच नाव असतं. यातलं कुठलं कुणाचं? त्यासाठी कर्नल एक नोंदवही ठेवतो, 'कॉनट्रॅक'. आतला पत्ता, त्याचा पोर्ट, पलीकडचा पत्ता, पलीकडचा पोर्ट आणि उत्तर कोणत्या पोर्टवर येईल, हे सगळं तिच्यात असतं. दोन मशीननी योगायोगाने एकच पोर्ट निवडून एकाच सर्व्हरकडे धाव घेतली, तर एकाचा पोर्टही बदलला जातो. जुळलेली टीसीपी जोडणी गप्प बसली, तरी तिची नोंद मूळ सेटिंगनुसार पाच दिवस जपली जाते. मला या सगळ्या यंत्रणेत ही वहीच सर्वांत सुंदर वाटते.

ही युक्ती तात्पुरती म्हणून आली होती. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये तिचा मसुदा मांडला, तोही दूरगामी उपाय सापडेपर्यंतची सोय म्हणून. जागतिक साठ्यातले शेवटचे मोकळे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले, आणि सोय अजून चालूच आहे. आपल्या दुसऱ्या मशीनचं पॅकेट पहिल्या मशीनमध्ये एकदा बदलतं, लॅपटॉपवर दुसऱ्यांदा, घरच्या राउटरवर तिसऱ्यांदा आणि अनेकदा इंटरनेट कंपनीकडे चौथ्यांदा. चारही ठिकाणी स्वतंत्र वही. उत्तर परतताना त्या उलट्या क्रमाने उघडल्या जातात.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. दुसऱ्या मशीनवरून बाहेरच्या सर्व्हरला पिंग चालू ठेवा आणि पहिल्या मशीनवरचा फक्त मास्करेडचा नियम पुसा. उत्तरं येतच राहतात, कारण नियम विचारला जातो तो जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच. पुढची पॅकेटं वहीतली नोंद बघून जातात. आता पिंग थांबवून पुन्हा सुरू करा. उत्तर येत नाही.