उघड्या मोटारीतील हूडाची पिशवी

जुन्या उघड्या मोटारीचा कापडी हूड मागे दुमडला की ज्या पिशवीत बसतो, ते लायनर बहुधा कुजलेलेच सापडते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, वर समुद्राची खारी हवा! रिक्षाचे हूड शिवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना हे काम सहज जमेल असे आम्हांस वाटते.

जुनी पिशवी फेकू नका; शिवण उसवून तिचाच फर्मा करा. सुती दोरा कुजतो, पॉलिएस्टरचा घ्या. तळाशी पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करा, नाहीतर वर नवे कापड आणि खाली गंजका पत्रा! कापड थोडे सैल ठेवा. हूड दोनदा मिटून पाहा. सांगाड्यात चिमटत नसेल तरच पक्के बसवा. ओला हूड मिटू नये, हे गिऱ्हाइकाला पैसे घेतानाच सांगा. कुजलेल्या पिशवीचा दोष शेवटी शिवणाऱ्यावरच येतो.